तलवारीचं शेड

३ नोव्हेंबर, सोमवार

बाबूलालसेठ स्वतः दुकानात आले. स्वतः! एरवी घरचे ब्लाऊजसुद्धा नोकराच्या हाती पाठवतात. स्टुलावर बसले, चहा नको म्हणाले — तेव्हाच समजलं, काहीतरी वाईट आहे.

"गुड्डी, शेड खाली करून पायजे. लॉन बनवून राहिलो तिथं. लगनसराई येऊन राहिली."

मी मशीनवरचा पाय काढला नाही. साडीला फॉल लावत होती, लावत राहिली. मग तेच पुढं बोलले, "पन मी जबान देल्ली आहे सरले. जबतक सर म्हनतीन, तबतक शेड तलवारीचं. आजही सरनं नाही म्हटलं तं मी वापस जातो. कसम से."

कसं म्हणतील सर नाही? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मोठ्या डॉक्टरनं सांगून टाकलं — कानावर पडतं, पण समजत काहीच नाही. सेठला हे माहीत आहे. मलाही माहीत आहे. तरी दोघंही "सर म्हणतील तसं" म्हणत बसलो.

उठता उठता म्हणाले, "तेवीसले रविवार आहे. छोटासा कार्यक्रम ठेवू शेडात. सरचा सत्कार. तू आपल्या तलवारबाजी क्लबचा इतिहास लिही, दोन पानं. माइकवर वाचजो."

इतिहास! म्हणजे मेलोच आम्ही. हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

एक ओळ लिहिली नाही. परकरांची ऑर्डर होती.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सरांकडे गेली. 'जय भीम सर' म्हणतच त्या दारातून शिरायची सवय आहे. आज उत्तर फक्त सरांच्या बायकोनं, काकूंनी दिलं.

सुमनबाई काकू अर्ध्या झाल्यात. सर लोखंडी पलंगावर, नाकात नळी. या माणसानं आम्हाला शेडात कधी भिंतीला टेकू दिलं नाही! टेकलं की छडी. आणि आता काकू त्यांना कुशीवर वळवतात, पोत्यासारखं.

"यायचा तो डावा हात पाह्य वं," काकू म्हणाल्या. "पडून असते, पडून असते, मधातच वर जाते. परवा नळीत अटकला, नळी निंघाली. मी एकटी कुठं कुठं पुरू?" डॉक्टरला विचारलं तर म्हणाला झटके आहेत, बांधून ठेवा. काकूंनी जुन्या लुगड्याचा काठ फाडून मनगट पलंगाच्या दांडीला बांधलं होतं. मनगट लालभडक.

मी म्हटलं, "सोडा ते काकू. मी पट्टा शिवून आणते."

शिवणं येतं मला. बाकी काय येतं?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पट्टा दिला. सरांच्याच तलवारबाजीच्या जुन्या जाकिटातून कापला — जाड ड्रिलचं कापड, आत स्पंज घातला, वरून व्हेल्क्रो. क्लबसाठी मी शिवलेलं पहिलं जाकीट होतं ते. एक बाही लांब, एक आखूड. बाजारात जाकिटं होती, पण आमच्या लाखनी गावच्या पोरींना परवडणारी नव्हती. म्हणून सर म्हणाले, गुड्डी शिवेल. मी शिवलं आणि त्यांनी ते लांडं जाकीट वर्षानुवर्षं घातलं. कधी हसले नाहीत.

आज त्याला कात्री लावताना जीवावर आलं.

पट्टा मात्र छान बसला. रुतत नाही. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. सर माझ्याकडे पाहत होते. पाहत म्हणजे — डोळे माझ्या दिशेला होते.

१० नोव्हेंबर, सोमवार

बरं. इतिहास.

शेड म्हणजे बाबूलालसेठची बंद पडलेली राईस मिल. हायवेच्या मागच्या गल्लीत. सेठ आणि सर एका वर्गातले. सर शाळेत पीटीचे मास्तर, रामटेके सर. कुठल्याशा शिबिरात तलवारबाजी शिकून आले आणि डोक्यात भूत घेऊन आले. शाळेनं मैदान दिलं नाही. "तलवार? पोरींच्या हातात?" असं कुणीसं म्हणालं म्हणे. मग सेठनी मिलची किल्ली काढून दिली. जबान देल्ली ती तेव्हाच.

मिलचा तो लांब अरुंद ओटा — धान वाळवायचे त्यावर — तलवारबाजी ज्यावर खेळतात त्या पट्टीसारखाच! सरांनी त्याच्यावर चुन्याच्या रेघा मारल्या. पहिल्या तलवारी बांबूच्या, बुरडाकडून तासून आणलेल्या. मास्क? मिलच्या चाळणीची जाळी वाकवून. त्यात धानाची टरफलं अडकलेली असायची, श्वास घेतला की नाकात. मी फ्रॉकवर गेली होती पहिल्या दिवशी. सर म्हणाले, "उद्या सलवार घालून येजो आणि रडत येशील तं येऊ नको."

भिंतीच्या भेगांतून अजूनही कोंडा गळतो. आज झाडायला गेली तर सुपलीभर निघाला. किती झाडलं आम्ही, तरी मिल संपली नाही. आता लॉनवाले फरशी घालतील, वर हिरवी चटई.

एक पान भरलं. पण हे सगळं वाचून दाखवलं तर लोक हसतील आणि जेवणाकडे पाहतील.

१२ नोव्हेंबर, बुधवार

खुशबूनं सांगितलं. एक तारखेपासून ती हायवेवरच्या भरती अकॅडमीत जाणार. "ताई, तिथं गोळाफेक न सोळाशे मीटर शिकवतात. बाबा म्हनतात, तलवार घेऊन कोनती नोकरी भेटते?"

माझी शेवटची खरी खेळणारी पोरगी. बाकी दोघी-तिघी येतात त्या घरी झाडू मारावा लागू नये म्हणून.

म्हटलं, जा बाई. मन लावून धाव.

ती गेल्यावर तिची तलवार पुसली. गंज नव्हता, तरी पुसली.

१६ नोव्हेंबर, रविवार

बाबूलालसेठ सरांना विचारायला गेले. मला सोबत नेलं, साक्षीला. माणूस वाईट नाही. दाराबाहेर चपला काढल्या, रुमालानं तोंड पुसलं, पलंगाजवळ जाऊन हात जोडले. मोठ्यानं बोलले, बहिऱ्याशी बोलावं तसं.

"सर! मी बाबूलाल! शेड घेऊ का? तुमी नाही म्हना, मी आत्ता वापस जातो!"

सर छताकडे पाहत होते. मग सेठकडे. पलंगाची दांडी खडखडली जरा. काकू म्हणाल्या, "झटका होय जी. चालू असते दिवसभर."

सेठ बराच वेळ उभे राहिले. खरंच उभे राहिले. मग मला म्हणाले, "सरनं 'नाही' तं म्हटलं नाही न?"

"नाही."

"मंग हव समजाचं."

बाहेर येऊन डोळे पुसले त्यांनी. मला तेही सहन झालं नाही. रडायचं तर लॉन कशाला बांधता!

तेवढ्यात सुगतचा व्हिडिओ कॉल आला पुण्याहून. सरांचा एकुलता एक. काकूंनी मोबाईल सरांच्या तोंडासमोर धरला. सुगत म्हणाला, "आई, कायले दाखवतेस? त्यांना काय कळून राहिलं? शेडाचं झालं ना, चांगलं झालं. एक घोर मिटला." काकू फोन ठेवून तिथंच पलंगाच्या पायथ्याशी बसल्या. "सुटले तं बरं वं माय. यायचेही हाल, माहेही हाल. सुटले तं बरं."

मी काकूंचा पाय दाबत बसली. मनात माझ्याही तेच आलं होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी फार बोलली.

काकूंना रेशनच्या दुकानात जायचं होतं, मला बसवून गेल्या. घर गार. भिंतीवर घड्याळ, सरांच्या नाकातून सूं सूं. इतिहासाचं दुसरं पान सुचत नव्हतं. म्हटलं सरांनाच विचारावं. आणि विचारता विचारता माझा तोल गेला.

"काय लिहू सर? सांगा! लिहू की तुम्ही माझं वाटोळं केलं? लहानपणी हातात तलवार दिली आणि त्यापायी सगळं सुटलं माझं. आई म्हणायची, लोक बोलतात, शकुनबाईची पोरगी तलवार घेऊन फिरते, कोण करील हिला. नाही केली कोणी! नोकरी लागत होती, तीही तुमच्या त्या एका नियमापायी गेली. आता परकर शिवते मी. चाळिशी आली. आणि तुम्ही मजेत झोपलात, मला शेडाचं मढं उचलायला ठेवून!"

एवढं सगळं. ओरडूनच. शेजारची गोदावरीबाई खिडकीशी येऊन गेली.

सरांचा डावा हात ओढ घेत होता. पट्टा ताणला गेला, व्हेल्क्रो चर्र झालं. पण निघालं नाही. चांगलं शिवलंय मी. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या, कानापर्यंत ओघळ. मी घाबरली. काकू आल्या तेव्हा सांगितलं, तर म्हणाल्या, "ते तं दिवसभर वाहाते. नळीनं."

घरी आली. जेवली नाही. ज्याला समजत नाही त्याच्यावर ओरडण्यात काय मर्दुमकी? भिंतीवर ओरडायचं होतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवसांवर रविवार. आज पान संपवलंच पाहिजे.

सेठचा निरोप — "बक्षिसं लिहजो." कोणती बक्षिसं? तिथंच तर घोडं अडलंय. जिल्ह्यात जिंकायचो, पुढं गेलं की हरायचो. दरवर्षी. आणि का हरायचो ते लिहायचं तर सरांचा नियम लिहावा लागतो.

खऱ्या खेळात तलवारीचं टोक लागलं की मशीनचा दिवा लागतो. आमच्याकडं मशीन कुठलं! मग कोणाला लागलं, कोणाला नाही, यावरून रोज भांडण. मास्कच्या आतून आरडाओरड, एक शब्द समजायचा नाही. शेवटी सरांनी नियम केला. ज्याला लागलं त्यानंच सांगायचं. उजव्या हातात तलवार, तोंडावर जाळी, म्हणून डावा हात वर करायचा. वर केला म्हणजे — मला लागलं. समोरच्यानं तिथंच थांबायचं.

"मारनाऱ्याले कायले विचारता?" सर म्हणायचे. "थो तं लागलंच म्हनते. ज्याले लागलं त्याले विचारा."

आणि गंमत सांगू? भांडणं बंद झाली. खोटा हात कोणी केला नाही, लपवलाही नाही. एखादीला बोटभर लागलं तरी हात वर. सर स्वतः खेळायचे आमच्याशी, आणि चिमुरड्या पोरीचं टोक लागलं तरी त्यांचा हात आधी वर. ते लांडं जाकीट, आखूड बाही कोपरापर्यंत घसरलेली, आणि हात ताठ. किती अभिमान वाटायचा आम्हाला!

मग राज्य स्पर्धा आली. मशीन, दिवे, पाठीत वायर. माझी पदकाची लढत. त्या पोरीचं टोक माझ्या छातीला लागलं. तिची वायर सैल असेल, दिवा लागला नाही. पण मला तर लागलं होतं! माझा डावा हात आपोआप वर. उभी राहिली मी, छाती उघडी टाकून, शेडात उभी राहायची तशी. रेफरी थांबा म्हणाले नव्हते. तिनं दुसऱ्यांदा मारलं. या वेळी दिवा लागला. पदक तिचं, खेळाडू कोट्यातली नोकरीही तिचीच. रेफरी नंतर हसून म्हणाले, "बेटा, हात कशाला वर केला? दिवा नव्हता ना." पुढं आमची थट्टाच झाली. "लाखनीच्या पोरी मैदानातच शरण येतात!" माझ्यानंतरही किती पोरी तशाच हरल्या.

म्हणून, सर निवृत्त होऊन क्लब माझ्याकडे आला तेव्हा मी पहिलं काम केलं ते नियम बंद करायचं. मशीन आलं होतं तोवर. पण पोरींची खोड जाईना. मग सरावाच्या वेळी त्यांचा डावा हात ओढणीनं कमरेला बांधून टाकायची मी. सर खुर्ची टाकून बसायचे रोज, पाहायचे. कधी मध्ये बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "गुड्डी, हात बांधला म्हनून लागाचं थांबते का?"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खुशबू मात्र सांगायची, लहान पोट्ट्यांना सर अंगणात बोलावून हात वर करायला शिकवतात. चोरून! म्हाताऱ्याची जिद्द.

हे काही माइकवर वाचण्यासारखं नाही. "अनेक खेळाडू घडवले" असं लिहून मोकळी होते. भात गार झाला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी एक पोरगी ब्लाऊजच्या मापाला आली. म्हटलं, हात वर कर. तिनं डावा वर केला.

टेप तिच्याच अंगावर सोडून सरांकडे पळाली मी. चप्पलही नाही.

काकू भाजी निवडत होत्या. "काय झालं वं?" मी पट्टा सोडला. चर्र. मग मागं सरून सरांच्या समोर उभी राहिली, शेडात उभी राहायची तशी. म्हटलं, "सर, रविवारी बाबूलालसेठ शेड घेऊन राहिले."

हात वर.

"झटका होय तो," काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, "सर, मंगळवारी मी म्हटलं, तुम्ही माझं वाटोळं केलं."

हात खाली येत होता. पुन्हा वर गेला. ताठ.

काकूंच्या मांडीवरची भाजी जमिनीवर सांडली. ती न उचलता म्हणाल्या — "म्हंजे... मी 'सुटले तं बरं' म्हनली, तेबी?"

हात खाली आलाच नाही.

मी तिथूनच सेठला फोन लावला. म्हटलं, या आणि पुन्हा विचारा. त्या दिवशी सरांचा हात बांधलेला होता.